कसब घ्या, उतरंड टाका!
झुलूंच्या घुमटाकार घरापासून वस्तीतल्या मुलांच्या अंगणापर्यंत

डर्बन हे नाव आंबेडकरी चळवळीच्या वाचकाला नवे नाही. २००१ साली ३१ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या काळात याच शहरात संयुक्त राष्ट्रसंघाची वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. भारतातून गेलेल्या दलित कार्यकर्त्यांनी तेथे जातीचा प्रश्न जगाच्या वेशीवर टांगला, आणि तो अधिकृत मसुद्यात येऊ नये म्हणून भारत सरकारने आटापिटा केला. त्या परिषदेची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. पण ज्या भूमीवर ती भरली त्या क्वाझुलू-नाताळमधला झुलू माणूस, त्याचे घर, त्याची मुले यांची ओळख करून घ्यायचे मात्र राहूनच गेले. आज आम्ही त्या घराविषयी लिहीत आहोत. झुलूंचे घर बांधण्याचे परंपरागत कसब वापरून वस्तीतल्या मुलांसाठी सार्वजनिक खेळाची जागा उभारायची असेल, तर त्या परंपरेतले काय घ्यायचे आणि काय टाकायचे, हा आमचा विषय आहे.

कुणी म्हणेल, अत्याचार थांबलेले नाहीत, नोकऱ्या संपत चालल्या आहेत आणि तुम्ही मुलांच्या खेळाच्या गोष्टी काय करता? आमचे उत्तर साधे आहे. कुणाच्या मुलाला खेळायला अंगण मिळते आणि कुणाच्या मुलाला गटाराच्या काठावर खेळावे लागते, हा सत्तेचा प्रश्न आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या सरकारला हे नीट कळत होते. म्हणून तर त्याने १९५३ साली सार्वजनिक सुविधांच्या विभाजनाचा स्वतंत्र कायदा केला. बागा, बाकडी, समुद्रकिनारे, पोहण्याचे तलाव, सगळे गोऱ्यांसाठी वेगळे आणि काळ्यांसाठी वेगळे. इतकेच नव्हे, तर या वेगळ्या सुविधा समान दर्जाच्या असण्याची गरज नाही, हेही त्या कायद्याने निर्लज्जपणे लिहून ठेवले. डर्बनच्या ज्या किनाऱ्यावर गोरी मुले वाळूचे किल्ले करीत, तिथे झुलू मुलाने पाऊल टाकले तर तो गुन्हा ठरे. हा कायदा १९९० साली रद्द झाला. म्हणजे आज चाळिशी ओलांडलेल्या तिथल्या काळ्या माणसाचे बालपण या कायद्याखाली सुरू झाले आहे.

ज्या समाजातल्या भीमराव नावाच्या मुलाला शाळेत बसायला स्वतःचे गोणपाट घरून न्यावे लागत होते, त्या समाजाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

आता त्या घराकडे येऊ. झुलू भाषेत घराला 'इंडलू' म्हणतात. जुने इंडलू मधमाश्यांच्या पोळ्यासारखे घुमटाकार असे. त्यात भिंत वेगळी आणि छप्पर वेगळे असा प्रकारच नव्हता. मध्ये खुंटी ठोकून दोरीने जमिनीवर वर्तुळ आखायचे. त्या वर्तुळावर लवचीक फोक जमिनीत रोवायचे, ओले असतानाच वाकवायचे आणि त्यांच्या कमानी करायच्या. एका दिशेच्या कमानींवर दुसऱ्या दिशेच्या कमानी आडव्या घालायच्या आणि जिथे जिथे काठ्या एकमेकींना छेदतात तिथे तिथे गवताच्या दोरीने गाठ मारायची. अशा शेकडो गाठींनी तयार झालेला तो सांगाडा म्हणजे जमिनीवर पालथी घातलेली मोठी टोपलीच. घर मोठे असेल तर आत आधाराला खांब. वरून गवताचे थरावर थर आणि वाऱ्याने ते उडू नयेत म्हणून पुन्हा दोऱ्यांचे जाळे. आत जमिनीला वारुळाची माती. ती कुटून, चोपून बसवायची, शेणाने सारवायची आणि गुळगुळीत दगडाने घोटून आरशासारखी चकचकीत करायची. दार इतके ठेंगणे की मोठ्या माणसाला वाकून, जवळजवळ रांगतच आत जावे लागे.

ज्यांच्या आईने किंवा आजीने शेणाने जमीन सारवलेली आहे, ज्यांनी कुडाच्या भिंती पाहिल्या आहेत, त्यांना हे बांधकाम परके वाटणार नाही.

या घरावर पहिला घाव पडला तो कराचा. नाताळच्या इंग्रज सरकारने १८४९ साली झोपडीकर बसवला, प्रत्येक झोपडीमागे सात शिलिंग. झुलू माणसाकडे गुरे होती, धान्य होते, पण शिलिंग नव्हते. ते मिळवायला त्याने गोऱ्याच्या मळ्यावर राबायला जावे, हा त्यातला डाव. डोक्यावरच्या छपराचेच शस्त्र करून माणसाला मजूर बनवले गेले. १८७९ च्या जुलैमध्ये इंग्रज फौजेने राजा सेत्श्वायोची राजधानी ओंडिनी जाळली. त्या आगीत लाकूड आणि गवत भस्म झाले, पण मातीच्या जमिनी विटेसारख्या भाजून पक्क्या झाल्या. पुढे शंभर वर्षांनी पुरातत्त्वज्ञांनी तिथे खोदले तेव्हा त्या गोल जमिनी जशाच्या तशा हाती लागल्या आणि त्यांच्या आधारे काही घरे पुन्हा उभी करता आली. जाळणाऱ्यांनी घरे जाळली आणि त्यांच्याच आगीने त्या घरांचा पुरावा पक्का करून ठेवला!

पुढे डोईपट्टी आली आणि तिच्याविरुद्ध १९०६ साली बंबाथा या सरदाराच्या नेतृत्वाखाली झुलूंनी बंड केले. त्या बंडाच्या वेळी नाताळ सरकारच्या सेवेत भारतीयांचे एक स्ट्रेचर-पथक गेले होते आणि त्याचे नेतृत्व सार्जंट मेजर मोहनदास गांधी यांच्याकडे होते. या पथकाने जखमी झुलूंची शुश्रूषा केली हे खरे. पण ते पथक कोणाच्या फौजेबरोबर चालत होते, हेही तितकेच खरे.

दुसरा घाव जमिनीचा. १९१३ च्या कायद्याने बहुसंख्य काळ्या जनतेच्या वाट्याला देशातली सुमारे सात टक्के जमीन ठेवली, १९३६ मध्ये ती मर्यादा तेरा टक्क्यांच्या आसपास नेली. जमीन गेली म्हणजे रान गेले, रान गेले म्हणजे फोक गेले, गवत गेले. शहरात डर्बनच्या कॅटो मॅनॉरमधून हजारो लोकांना उठवून क्वामाशू आणि उम्लाझी येथे नेऊन टाकले. तिथे त्यांना मिळाली सरकारी नमुन्याची एकसारखी चौकोनी घरे. लोक त्यांना काडेपेट्या म्हणत. या नकाशात मजुराच्या झोपण्याची सोय होती. मजुराच्या मुलाने कुठे खेळायचे, हा प्रश्न नकाशा काढणाऱ्याला पडलाच नव्हता.

इथपर्यंत वाचून वाचकाला वाटेल की आता आम्ही म्हणणार, चला, मुलांसाठी पुन्हा ती जुनी गोल घरे उभारू या, परंपरेचा जयजयकार करू या. नाही. इथेच सावध राहायचे आहे.

कारण परंपरेचे गोडवे सर्वांत जास्त कुणी गायले असतील, तर ते वर्णभेदी सरकारनेच. 'प्रत्येक जमातीने आपापल्या संस्कृतीप्रमाणे, आपापल्या मुलखात, आपापल्या परीने विकास करावा', या गोंडस भाषेतच त्याने काळ्यांना स्वतंत्र 'मायभूमी'च्या कोंडवाड्यात घातले. १९८६ साली दूरचित्रवाणीवर गाजलेल्या 'शाका झुलू' या मालिकेसाठी झुलूलँडमध्ये जो गाव उभारला गेला, तोच पुढे 'शाकालँड' नावाचे पर्यटन केंद्र झाला. पाहुण्यांनी पैसे देऊन गोल झोपड्या पाहायच्या आणि कातडी पांघरलेल्या माणसांनी नाचून दाखवायचे. जे कसब एकेकाळी लोकांच्या निवाऱ्याचे होते, ते दुसऱ्यांच्या करमणुकीचे झाले. आपल्याकडेही हलगी वाजवणाऱ्याच्या कलेचे कौतुक करायचे आणि त्याला घर मात्र गावकुसाबाहेरच द्यायचे, हा खेळ आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे.

शिवाय त्या जुन्या वसाहतीत सगळे समान होते असेही नाही. झुलूंचे कुटुंब ज्या गोलाकार वस्तीत राही तिला 'उमुझी' म्हणतात. मध्यभागी गुरांचा गोठा आणि त्याभोवती घरे. कोणत्या बायकोचे घर कुठे, हे तिच्या दर्जाप्रमाणे ठरे. घरात शिरल्यावर उजवी बाजू पुरुषांची, डावी बायकांची. घराची मागची जागा पूर्वजांची. सून म्हणून आलेल्या बाईला गुरांच्या गोठ्यात पाय टाकायला बंदी. म्हणजे त्या वर्तुळाचे नुसते चित्र पाहून समतेचे प्रतीक म्हणून माना डोलावण्यात अर्थ नाही. वर्तुळातही उतरंड असू शकते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गुणगानाची जी चिरफाड केली, ती आपण विसरलो नाही. खेडे भारतातले असो की आफ्रिकेतले, त्याला तीच कसोटी लावली पाहिजे.

मग घ्यायचे काय? कसब घ्यायचे, उतरंड टाकायची.

वाकवलेल्या काठ्यांचा तो घुमट मुलांच्या खेळासाठी जणू मुद्दाम घडवला आहे. त्यात टोकदार कोपरा नाही. भार एका खांबावर न येता सगळ्या जाळीत वाटला जातो. मोठ्यांना वाकायला लावणारे ते ठेंगणे दार लहान मुलाच्या बरोबर मापाचे आहे. तिथे मूल ताठ चालत आत जाईल आणि साहेबाला वाकावे लागेल! गवत न घालता नुसता सांगाडा ठेवला तर तो चढण्या-उतरण्याचा घुमट होतो. निम्म्या भागावर गवत घातले तर सावली होते. वारुळाच्या घोटलेल्या मातीचा ओटा सागरगोट्यांसारख्या दगडांच्या खेळाला, 'उम्लाबालाबा' या सोंगट्यांच्या पटाला चांगला. आणि मातीचा एक ढीग राखून ठेवला तर पूर्वी झुलू गुराखी पोरे मातीचे बैल करीत तसे करायला मुले आपणहून बसतील. ज्या मधल्या गोलात पूर्वी कुटुंबाची संपत्ती म्हणून गुरे बांधत, तिथे आता मुले खेळतील. आणि तिथे मुलींना बंदी नसेल.

परंतु जुने कसब जसेच्या तसे उचलले तर अपघात ठरलेला. जुन्या घरात मध्ये चूल असे, तिच्या धुराने गवत काळे पडे आणि किडीपासून वाचे. खेळाच्या जागेत चूल नसणार, म्हणजे गवत लवकर कुजणार आणि किडणार. शिवाय वाळलेले गवत म्हणजे आगीचे भय. म्हणून गवत थोड्याच भागावर, मुलांच्या हाताबाहेर ठेवावे आणि वेळच्या वेळी बदलावे. जाळीतली भोके कशीही ठेवून चालत नाही. मुलाचे अंग जाते आणि डोके अडकते अशी फट जीवघेणी ठरते. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने खेळाच्या मैदानांसाठी घातलेला दंडक असा की, फट सुमारे ९ सेंटिमीटरपेक्षा लहान तरी असावी किंवा सुमारे २३ सेंटिमीटरपेक्षा मोठी तरी. मधले माप नको. घुमटाखाली सिमेंटचा कोबा तर मुळीच नको. सव्वा मीटरच्या आतबाहेर उंची असेल तर खाली २३ सेंटिमीटर सैल वाळू हवी. गवताची दोरी उन्हापावसात सैल पडते, तारेची टोके हात फाडतात, म्हणून चढण्याच्या भागात पक्की जाड दोरी वापरावी आणि प्रत्येक गाठ ठरावीक मुदतीने तपासावी. लाकूड वाळवीपासून वाचावे म्हणून तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या द्रावणात मुरवलेले खांब बाजारात सर्रास मिळतात. पण आर्सेनिक हे विष आहे. अमेरिकेत २००३ अखेरीनंतर घरगुती कामासाठी आणि मुलांच्या खेळण्यांसाठी असे लाकूड बनवणे बंद झाले. गरिबांच्या मुलांनी ते का चाटावे?

फोक कुठून आणायचे, हाही प्रश्न आहे. देशी रान तोडून मुलांचे अंगण करणे शहाणपणाचे नाही. पण नाताळच्या डोंगरउतारांवर काळी वॉटल नावाची झाडे माजली आहेत. ती एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातून आणली गेली आणि तिच्या सालीसाठी गोऱ्यांनी मळेच्या मळे लावले. ती साल कातडी कमावायला लागते. आपल्या बाभळीच्या गोत्रातलेच हे झाड. बाभळीच्या सालीने कातडे कमावणाऱ्या आमच्या ढोर बांधवांना त्या सालीचा गुण सांगायला नको. मळ्यांबाहेर पसरलेले हे झाड आता ओढ्या-नद्यांचे पाणी पिते, म्हणून १९९५ पासून दक्षिण आफ्रिकेचे सरकार 'पाण्यासाठी काम' या योजनेतून बेरोजगारांना मजुरी देऊन परकी झाडे तोडून घेते. त्याच झाडांचे सरळ, कोवळे, ओले फोक घुमटासाठी वापरले तर रानही वाचते आणि रोजगारही मिळतो. चटयांचे लव्हाळ कापायचे तर सेंट ल्युशिया परिसरातील संरक्षित पाणथळीत दरवर्षी मे महिन्यात परवानगीने कापणी होते. शेकडो बाया तिथे विळे घेऊन उतरतात. लोकांना हाकलून न देता रान राखता येते, याचा हा धडा आमच्या वनखात्यानेही गिरवावा.

आणि आता मजुरीचा मुद्दा. आमच्या मते सगळ्यात मोठा. जुन्या रिवाजात काठ्या आणणे, सांगाडा बांधणे हे सामान्यतः पुरुषाचे काम आणि गवत कापणे, ते वाहून आणणे, जमीन सारवणे, पुन्हा पुन्हा सारवणे हे बाईचे. बाईच्या या कामाला मोल नव्हते. ते तिचे कर्तव्यच. आता 'लोकसहभाग' या गोड शब्दाखाली कुठल्याशा संस्थेने तेच काम त्याच बायांकडून फुकट करून घेतले, वास्तुरचनाकाराचे नाव मासिकात छापून आले आणि विणणारी बाई छायाचित्रात नुसती हसत राहिली, तर या जागेला आम्ही सार्वजनिक म्हणणार नाही. कसबाला मजुरी हवी. कारागिरालाही आराखड्याच्या बैठकीत खुर्ची हवी. देखभालीला नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात रक्कम हवी. नाहीतर दोन पावसाळ्यांनी सांगाडा मोडतो आणि मग तेच लोक म्हणतात, 'यांना काही टिकवता येत नाही.'

परंपरा आणि हक्क यांची सांगड कशी घालायची, याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानातच आहे. त्याचे ३१ वे कलम प्रत्येक समूहाला आपली संस्कृती जपण्याचा अधिकार देते, पण त्याच कलमाचा दुसरा भाग बजावतो की हा अधिकार हक्कांच्या सनदेशी विसंगत अशा रीतीने वापरता येणार नाही. म्हणजे संस्कृती आहे, पण संविधानाच्या चौकटीत. त्यांच्या संविधान न्यायालयाची इमारत पाहा. जिथे कैद्यांचा छळ झाला त्या जोहान्सबर्गच्या जुन्या तुरुंगाच्या जागेवर ती उभी आहे, २००४ साली तिचे उद्घाटन झाले. झाडाखाली बसून न्याय करण्याची आफ्रिकन कल्पना तिच्या रचनेत आणि बोधचिन्हात घेतली आहे. पण झाडाखाली पूर्वी सरदार न्याय देई, तिथे आता संविधान देते. झाड तेच, न्याय वेगळा. मुलांच्या अंगणालाही हेच सूत्र लावायचे. घुमट तोच, पण त्याखालचे नाते समतेचे.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क करारातले कलमही योगायोगाने ३१ वेच आहे, ज्याने खेळ हा मुलाचा हक्क मानला. भारताने १९९२ साली आणि दक्षिण आफ्रिकेने १९९५ साली तो करार स्वीकारला. दोन्ही देशांची संमती झाली आहे. वस्तीत मैदान किती झाली, हे मात्र वाचकांनी आपल्याच वस्तीच्या गल्लीत उभे राहून मोजावे.

झुलू घराकडे पाहताना आम्हाला एक फरक प्रकर्षाने जाणवतो. तिथे विणण्याचे काम लिंगाने वाटले गेले, वयाने वाटले गेले, पण ते करणारा माणूस जन्माने विटाळाचा ठरला नाही. राजाच्या घराचे छप्परही त्याच गाठींनी बांधले जाई. आपल्याकडे बुरूड बांधवांनी कामट्यांतून सूप, टोपली, कणगी विणली. मातंग बांधवांनी घायपाताचे दोर वळले. त्या दोराने गावाची विहीर चालली, त्या कणगीत गावाचे धान्य राहिले. पण दोर वळणाऱ्याला त्या विहिरीवर पाणी नाही! जगात कसब सगळीकडे आहे. कसबालाच कलंक करून ठेवण्याची करामत मनुवादाची. म्हणून आपल्यातल्या शिकलेल्या तरुणाला बापाच्या हातातला दोर नकोसा वाटला, तर त्यात नवल नाही आणि दोषही नाही. तो दोर टाकूनच आपण शाळेत गेलो. बाबासाहेबांनी सांगितलेली वाट तीच होती आणि ती बरोबर होती. जातीचा धंदा म्हणून ते काम कुणाच्याही माथी पुन्हा मारता कामा नये.

पण धंदा वेगळा आणि ज्ञान वेगळे. आपला अभियंता झालेला, वास्तुरचनाकार झालेला मुलगा किंवा मुलगी त्या गाठींचे, त्या विणीचे गणित शिकून, स्वखुशीने, पुऱ्या मोबदल्यात आणि पुऱ्या मानाने ते वापरू शकते. त्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. आपल्या वस्त्यांतून बुद्धविहारे उभी आहेत. अनेक विहारांना आवार आहे आणि ते वंदना व जयंती सोडली तर रिकामे असते. तिथे बांबूचा एक घुमट, खाली भरपूर वाळू, बाजूला सावलीचा ओटा, मापाच्या फटी, तपासलेल्या गाठी, एवढे जरी झाले तरी पुष्कळ. नगरसेवकाकडे मागणी करा, वॉर्डाच्या निधीतून हक्काने घ्या, ज्यांच्या हातात वीण आहे त्यांना मजुरी देऊन बोलवा. आणि एक अट मात्र पाळा. त्या अंगणात आपल्या मुलांबरोबर शेजारच्या वस्तीतल्या मुलांनाही येऊ द्या, मग ती कोणत्याही जातीची, धर्माची असोत. ज्यांना मैदानाबाहेर ठेवले गेले, त्यांनी बांधलेल्या मैदानाला दार असावे, पण त्यावर पहारा नसावा.